शेजारी बसून खेळायचे खेळ

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर गीतेवर, मधुमेहावर, मृत्युपत्रावर आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांवर व्याख्यानं झाली. व्हिडिओ गेमवर हे पहिलंच असावं, आणि तेही एका चौसष्ट वर्षांच्या आजीचं. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मुलांना गेमपासून कसं सोडवावं, असंच ना?" मी म्हटलं, "नाही हो. कोणते गेम घरात आणावेत आणि कुणी कुणाबरोबर खेळावेत, असं." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चालेल. चहा आधी ठेवू."

खेळावर बोलायला हे गाव परकं नाही. हुतूतूचे नियम छापून काढले ते आपल्या हिंदविजय जिमखान्याने, १९२३ साली, आणि त्याच नियमांनी बडोद्यात अखिल भारतीय सामनेही भरवले. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले तेही इथूनच. खेळाचा अभ्यास करायचा असतो, त्यावर मत द्यायचं असतं, ही इथली जुनी रीत आहे. मी तेवढंच करणार आहे.

आधी दोन गोष्टी बाजूला ठेवते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा माझा विषय नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, बरं झालं. दुसरं, बाहेरचे गेम झोन. राजकोटला २५ मे २०२४ रोजी जी आग लागली, त्यानंतर आमच्या घरात त्यांचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हा आज बोलायचं ते घरातल्या खेळांविषयी, आणि त्यातही दोनच प्रकारांविषयी. एक, दोघा-चौघांनी मिळून एका बाजूने खेळायचे. दुसरा, डोळ्यांवर तो डबा चढवून खेळायचे, ज्याला मुलं व्हीआर म्हणतात.

मी यात पडले त्याचं कारण सांगते. माझा नातू बारा वर्षांचा आहे, नात आठची. शाळा इंग्रजी, सोसायटीतले मित्र गुजराती. हे तुमच्याही घरात असंच असेल. सहा-सात वर्षांपर्यंत नातू माझ्याशी मराठीत भांडायचा. मग हळूहळू उत्तरं आखूड झाली. "हं." "नको." "ओके." घरातली मराठी ताटापुरती उरली: वाढ, पुरे, नको. आमचं घराणं चार पिढ्यांपूर्वी सरकारी नोकरीसाठी इथे आलं. तीन पिढ्यांनी गुजराती उत्तम शिकून मराठी टिकवली, आणि चौथीत ती एका हेडफोनच्या वायरीने जाईल, हे मला पचत नव्हतं. शुभंकरोती म्हणायला लावून झालं, गोष्टीची पुस्तकं आणून झाली. शेवटी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, मलाही एक कंट्रोलर दे.

बँकेत नोकरी केली असल्यामुळे नोंद ठेवायची सवय आहे. गेलं दीड वर्ष कोणता गेम किती दिवस टिकला, भांडण कुठे झालं, हे वहीत लिहीत आले. आणि प्रत्येक गेमला माझा एकच प्रश्न असतो: हा खेळताना तोंड उघडावं लागतं का?

हा प्रश्न नवा नाही. आपला सारीपाट आठवा. सोळा सोंगट्या, चार रंग, पण बाजू दोनच. काळ्या-पिवळ्या एकीकडे, लाल-हिरव्या दुसरीकडे, आणि समोरासमोर बसलेले दोघे भिडू. तुमच्या चारही सोंगट्या घरात गेल्या म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही, भिडूच्याही जायला हव्यात. म्हणून जाणता खेळाडू कधीकधी मुद्दाम आपली सोंगटी घरात न घालता दुसरा फेरा मारायला काढायचा, मागे पडलेल्या भिडूच्या मदतीला. मेंढीकोट तर इथल्या मराठी घरात आणि गुजराती घरात सारखाच. कोट चढला की चढवणारे दोघे आणि खाणारेही दोघे. आता मुलांच्या हातातले बहुतेक गेम पाहा. एकट्याने खेळायचे, किंवा शंभर अनोळखी माणसांविरुद्ध. भिडू हा प्राणीच नाहीसा झाला होता. तो परत आणणारे काही गेम गेल्या दहा वर्षांत आले आहेत.

पहिला 'ओव्हरकुक्ड'. २०१६ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या दोघाजणांनी केलेला. यात चौघांपर्यंत स्वयंपाकी असतात. ऑर्डरी वरून सुटतात: कांद्याचं सूप, टोमॅटोचं सूप. एकाने कांदे चिरायचे, दुसऱ्याने भांड्यात टाकायचे, तिसऱ्याने ताटलीत काढून खिडकीत द्यायचं. भांडं विस्तवावर विसरलं की आग लागते, मग विझवायचं नळकांडं शोधत पळायचं. स्वयंपाकघरंही अशी की निम्मा ओटा एका धावत्या ट्रकवर आणि निम्मा दुसऱ्या. पुढे मासे आणि बर्गर येतात. शाकाहारी घरांनी तेवढं मनाने भाजी समजून घ्यावं.

भगिनींनो, या गेममध्ये आपल्याला शिकायला काही नाही. गौरीच्या जेवणाला चाळीस पानं वाढलेल्या बाईला हा गेम म्हणजे मंगळवार. पण पुरुषांना आणि मुलांना जरूर द्या. ताटल्या संपतात, आणि घासल्याशिवाय नवीन मिळत नाहीत, हे माझ्या नातवाला या गेममधून पहिल्यांदा कळलं. आमच्या ह्यांना तर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. माझ्या प्रश्नाला इथे पैकीच्या पैकी गुण. तोंड इतकं उघडावं लागतं की शेजारच्या बेन विचारायला आल्या, काही झालं का म्हणून. दोष म्हणाल तर घड्याळ. काही मिनिटांत सगळं उरकायचं असतं आणि हळू चालणाऱ्या बोटांवर बाकीचे चिडतात. २०२० पासून याची जी एकत्र आवृत्ती मिळते तिच्यात जास्त वेळ देणारी सोय आहे. ज्येष्ठांनी संकोच न करता ती चालू करावी.

दुसरा 'इट टेक्स टू'. मार्च २०२१ मध्ये आला, स्वीडनच्या हेझलाइट या कंपनीचा. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. करणारे जोसेफ फॅरेस मूळचे लेबनॉनचे, लहानपणी यादवी युद्धातून स्वीडनला गेलेले, आधी चित्रपट काढायचे. हा गेम एकट्याला खेळताच येत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही. पडदा मधोमध दुभंगलेला, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला दुसरा. एकाच्या हातात खिळे, दुसरीच्या हातात हातोडी. त्याने भिंतीत खिळा मारला तरच ती हातोडी अडकवून पलीकडे झोका घेऊ शकते. "मार ना! अजून वर! आता नको, थांब, थांब!" अशी वाक्यं दोन-दोन तास. वहीत मी लिहिलंय: पहिल्या रविवारी नातवाने क्रियापदासकट बावीस मराठी वाक्यं उच्चारली.

गोष्ट मात्र जरा कठीण आहे. घटस्फोटाला निघालेले आईबाप, आणि त्यांच्या लहान मुलीच्या अश्रूंनी ते दोघे बाहुले बनून जातात, बाप मातीचा, आई लाकडाची. परत माणसं व्हायला त्यांनी एकमेकांना साथ द्यायची. ज्या घरात तसा प्रसंग चालू असेल तिथे हा गेम मुलांपुढे ठेवताना विचार करावा. आणि एक दृश्य मला अजिबात आवडलं नाही. मुलीला रडवण्यासाठी हे दोघे तिचा लाडका हत्ती ओढत नेतात. तो गयावया करतो, आणि कंट्रोलर आपल्या हातात असतो. नात रडायला लागली. आम्ही टीव्ही बंद केला आणि त्या रात्री पुढे खेळलो नाही. करणाऱ्यांना ते विनोदी वाटलं असणार. मला ते दुष्ट वाटलं, आणि उत्तम गेममध्येही असं म्हणायची मोकळीक प्रेक्षकाने ठेवावी. याच कंपनीचा २०२५ चा 'स्प्लिट फिक्शन' दोन लेखिकांचा आहे. देखणा आहे, पण वेगवान. मी तिसऱ्या बैठकीत कंट्रोलर सूनबाईंकडे दिला. दोन्ही गेममध्ये एक चांगली गोष्ट आहे: दूरच्या भिडूबरोबर खेळायचं तर दोघांपैकी एकाने विकत घेतला की पुरतो, दुसऱ्याला फुकट जोडता येतं.

आपल्याकडे काही होतं का, असं कुणी विचारेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, आपल्या पुराणांतले देव, सुंदर चित्रं. पण तो एकटीचा आहे, शेजारी बसणाऱ्याला नुसतं बघायचं.

आता व्हीआर. गेल्या दिवाळीत माझी मुलगी न्यूजर्सीहून आली तेव्हा हेडसेट घेऊन आली. साधं मॉडेल तेव्हा तिकडे २९९ डॉलरपासून मिळत होतं. तो चढवला की खोली दिसेनाशी होते, आणि मान वळवाल तिकडे दुसरीच जागा.

पहिल्यांदा सगळे 'बीट सेबर' खेळतात. प्रागच्या मंडळींनी २०१८ मध्ये काढलेला. दोन हातांत दोन तलवारी, एक लाल, एक निळी. गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे अंगावर येतात, त्यांवरच्या बाणाच्या दिशेने वार करायचा. ज्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात लाठी किंवा लेझीम केली असेल त्यांना खांदे आपोआप आठवतील. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी नातवाला मागे टाकलं आणि दोन दिवस बाम लावला. व्यायाम म्हणून उत्तम. पण बडोद्याच्या मे महिन्यात त्या डब्याच्या आत तोंडाला धारा लागतात, आणि बाकीच्या घराला काय दिसतं? दिवाणखान्यात एक माणूस हवेत हात मारतोय. त्याला आपण दिसत नाही, आपलं ऐकूही जेमतेम येतं. माझ्या प्रश्नाला शून्य गुण. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला वाटलं, मोबाइलने तोंड बंद केलं होतं, याने डोळेही झाकले.

मग मुलीने एक गेम लावून दिला. त्याचं नाव लांबलचक आहे: 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स'. म्हणजे बोलत राहा, कुणी उडणार नाही. कॅनडातल्या ओटावाच्या स्टील क्रेट गेम्सचा, २०१५ चा. यात हेडसेट घातलेल्याला एक बॉम्ब दिसतो: तारा, बटणं, चिन्हं, आणि उलटं मोजणारं घड्याळ. बॉम्ब निकामी कसा करायचा ते त्याला माहीत नसतं. ते एका तेवीस पानी पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ती छापून बाकीच्यांच्या हातात. पुस्तिकावाल्यांना बॉम्ब दिसत नाही, बॉम्बवाल्याला पुस्तिका दिसत नाही. मध्ये फक्त बोलणं. जो डबा माणसाला घरापासून तोडत होता, त्याच तुटलेपणावर यांनी खेळ उभा केला. एवढी हुशारी मी फार थोड्या गोष्टींत पाहिली आहे.

पुस्तिका इंग्रजीत. आमचे हे आणि मी ती डोळ्यांनी इंग्रजीत वाचायचो आणि तोंडाने मराठीत सांगायचो, कारण घाईत दुसरं काही येत नाही. "तीन तारा? लाल आहे का एखादी? नाही? मग दुसरी काप!" नातवालाही घाईत मराठीच. एका भागात विचित्र चिन्हं असतात, ती वर्णन करून सांगावी लागतात. ग्रीक 'साय'ला तो म्हणाला "त्रिशूळ", 'ओमेगा'ला "घोड्याची नाल". एकाला म्हणाला, "तीनचा आकडा, पण डोक्यावर टिकल्या." नात मांडीवर पुस्तिका घेऊन बोट फिरवत बसलेली. आठ वर्षांच्या मुलीला हेडसेट द्यायचा नाही, दहाच्या आतल्यांना तो नको असं बनवणारी कंपनीच सांगते. पण पुस्तिकेला वयाची अट नाही, आणि चिन्हं शोधण्यात तिच्याइतकं चपळ घरात कुणी नाही.

इथे बडोद्याची गंमत ऐका. पुण्याहून माझी नणंद आली होती. तिच्या हातात पुस्तिका. नातू आतून ओरडला, "चार तारा! एक लाल, दोन भुरी, एक काळी!" नणंद पानं उलटतेय. "भुरी? अरे, यात भुरी तारच नाही!" "आहे ना, दोन आहेत!" "नाहीये रे!" आणि धडाम. आपल्याला इथे कुणाला सांगायला नको की गुजरातीत भुरी म्हणजे निळी. हिंदीवाल्याला विचाराल तर तपकिरी, आणि पुण्याच्या बाईला मातकट काहीतरी. नणंद म्हणाली, "तुमची मराठी म्हणजे नुसती भेळ झालीये." नातू हेडसेट काढून, लाल झालेल्या तोंडाने, तावातावाने म्हणाला, "आत्याआजी, आम्ही असंच बोलतो. तू शीक!" आठ-नऊ वर्षांत तो पहिल्यांदा 'आम्ही' म्हणाला, आणि त्या 'आम्ही'त मी होते. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले.

त्यावर घरात चर्चा झाली आणि रंग ठरवले गेले. निळी म्हणजे निळी. भुरी बंद. इंग्रजी शब्दांचा एक भाग आहे, तिथे मात्र आमचं काही चालत नाही. 'युअर', 'यू आर', 'देअर'चे तीन प्रकार, कानाला सगळे सारखेच. तिथे नातू अक्षरं सुटी करून सांगतो, "वाय, ओ, यू, आर", आणि आम्ही लिहून घेतो. तीन चुकांनंतर स्फोट. आम्ही तिथे अजून नेहमी उडतो.

शेवटचा गेम 'वॉकअबाउट मिनी गोल्फ', २०२० चा, टेक्ससमधल्या ऑस्टिनचा. हातात काठी, एक चेंडू, अठरा भोकं. आठजणांपर्यंत एका मैदानात. माझ्या वयाच्या माणसाला व्हीआरमध्ये काही द्यायचं असेल तर हेच द्या. डोळ्यांना आपण चाललोय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो की उभेच आहोत, त्या भांडणात मळमळतं. या गेममध्ये तसं होत नाही. ज्या जागी बोट दाखवू तिथे थेट पोचतो. माणसांची नुसती डोकी आणि हात दिसतात, पाय नाहीत. पहिल्यांदा हसू येतं. पण उंची ओळखू येते, मान डोलवायची लकब ओळखू येते, आणि आवाज माणूस ज्या बाजूला उभं असेल त्या बाजूने येतो.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही खेळतो. उन्हाळ्यात तिकडे न्यूजर्सीला शनिवारचे रात्रीचे दहा झालेले असतात. मुलीचा तिकडचा एक हेडसेट, आमचा इकडे एक. व्हिडिओ कॉलवर आमचं बोलणं दहा मिनिटांत संपायचं. जेवलीस का, थंडी आहे का, ठेवते. चेहऱ्याकडे टक लावून बोलणं अवघडच असतं. इथे काहीतरी हातात असतं. ती चेंडूवर वाकलेली असते आणि मध्येच म्हणते, "आई, एक सांगायचं होतं." फेब्रुवारीत तिने नोकरी गेल्याचं मला असंच सांगितलं, बाराव्या भोकापाशी. फोनवर तिने तीन आठवडे ते लपवलं होतं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, चेंडू तसाच पडून. मला तिला जवळ घेता येईना, हात पुढे केले तर हवाच. हे यंत्र काय देतं आणि काय देत नाही, ते त्या दिवशी मला नीट समजलं. तेरावं भोक आम्ही पुढच्या रविवारी खेळलो. एप्रिलमध्ये तिला नवी नोकरी लागली, तेव्हा ती मला चक्क पहिल्या भोकापाशीच म्हणाली.

आता काही व्यवहाराचं. आधी हेडसेट घेऊ नका. टीव्हीला जोडायचा कन्सोल किंवा चालता लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर, एवढ्यावर पहिले दोन्ही गेम होतात. हेडसेटसाठी साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या माजघरात ती होती, गोत्रीच्या फ्लॅटमध्ये टीपॉय उचलावा लागतो. जमिनीवर आखलेल्या रेषेजवळ गेलात की आत जाळी दिसते. ती दिसली की थांबायचं, आमच्या शोकेसची एक काच त्याची साक्षीदार आहे. चक्कर येणाऱ्यांनी, फिटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. बसून खेळता येतं, आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ. आणि मुलाने हेडसेट घातला असेल तेव्हा त्याला दिसतंय ते टीव्हीवर दाखवण्याची सोय चालू ठेवा, म्हणजे तो एकटा आत आणि आपण सगळे बाहेर असं होत नाही.

बॉम्बचा गेम हेडसेटशिवाय साध्या लॅपटॉपवरही चालतो, पडदा दुसऱ्यांकडे पाठ करून ठेवायचा की झालं. मी आज लॅपटॉप आणला आहे. पुस्तिकेच्या चार प्रती छापून मागच्या टेबलावर ठेवल्यात, चष्मा लागणाऱ्यांसाठी एक मोठ्या अक्षरातली आहे. नातू बॉम्बपाशी बसेल. चहा झाला की दोघं-दोघं या, आणि तारेचा रंग काय म्हणायचा ते आधी ठरवून या.